आजाऱ्यांची कणगी

मिठागरात दादाच्या पायाला जखम झाली, ती खाऱ्या पाण्याने चिघळली आणि तो दोन महिने अंथरुणावर पडला. घरात चूल पेटायची पंचाईत! तो बरा होताच माझ्या वहिनीने पाड्यात धान्य साठवायची एक कणगी मांडली. रोज संध्याकाळी प्रत्येक घराने मूठभर तांदूळ तिच्यात टाकायचे. जो आजारी पडेल त्याच्या घराला, तो उठेपर्यंत, तिच्यातून शिधा.

मिठाचा मोसम सरत आला. कणगी काठोकाठ भरली आणि ठाण्याच्या खाडीकडेच्या आमच्या पाड्यात कुणाला साधी शिंकही आली नाही! लोक भडकले. शेजारचा मुकादम देवळापुढे गरजला, "येवढं तांदूळ घातलं, आन् आजारी कुणी नाय! ही फसवणूक हाय. उद्या आपापलं वाटून घ्या."

"भावजी, कुणी पडलं नाय हे चांगलंच ना?" वहिनी म्हणाली.

"चांगलं तुमच्या कणगीला!"

वहिनीचा चेहरा उतरला. उद्या कणगी रिकामी झाली आणि परवा कुणी पडला तर?

मी पडलो शिमग्याला सोंगं काढणारा माणूस. म्हटलं, एक आजारीच हवा ना? पहाटे घोंगडी ओढून असा कण्हलो, की दारातला कुत्राही हळहळला.

अख्खा पाडा धावत आला. काय ते उजळलेले चेहरे! "पडला रे, एकदाचा पडला!" मुकादमाने स्वतः शिधा आणून ठेवला. वाटपाचं नावही कुणी काढलं नाही. वहिनीने माझ्या कपाळाला हात लावला, हसू दाबलं आणि सर्वांना ऐकवलं, "ताप लय भारी हाय. तीन दिवस काडेचिराइताचा कडू काढा आन् बिनमिठाची पेज."

बिनमिठाची! मिठागरातल्या माणसाला! वर सोंगाचा दंड म्हणून तिने पुढचे सहा महिने माझ्याकडून रोज दोन मुठी वसूल केल्या.

चौथ्या दिवशी मी उठलो आणि मुकादम पडला. खाडीत कालवाच्या शिंपल्याच्या धारेने त्याची टाच उभी चिरली. वीस दिवस त्याचं घर कणगीवर जेवलं. पाय उशीवर ठेवून तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "मीच म्हनलेलो ना, कणगी पायजे!"

"व्हय भावजी, तुम्हीच," वहिनी म्हणायची.

आजाऱ्याच्या घराला मूठ माफ होती. पण मुकादमाची बायको रोज संध्याकाळी यायची आणि मिळालेल्या शिध्यातली एक मूठ परत कणगीत टाकून जायची.