थराखालची किल्ली

एर्सिलिया मोंदिनो हिने आयुष्यात कोणावर प्रेम केले की नाही, याची वार्ता कोलोनिया वेर्बेनात कोणालाही नाही. वैर मात्र तिने एकाच माणसाशी, अनन्यभावाने केले, आणि ते गावातल्या पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सर्वांना ठाऊक होते. त्या माणसाचे नाव फाकुंदो उस्तारिस. तो बास्क वंशाचा, म्हणून सगळे त्याला नुसते 'बास्क' म्हणत. एर्सिलिया एकटी त्याला 'सेन्योर उस्तारिस' म्हणे. आमच्या पंपा नावाच्या गवताळ मुलखात, जिथे दुसऱ्या भेटीत माणसे अरेतुरेवर येतात, तिथे वर्षानुवर्षे एकाच खोलीत बसणाऱ्या सहकाऱ्याला 'अहो' म्हणत राहणे म्हणजे त्याच्या तोंडावर रोज दार आपटणे.

गावचे पाणी आणि गावची वीज सहकारी संस्थेच्या हाती आहे, आणि त्या संस्थेच्या कार्यकारिणीवर मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. संगणकाची खोली सभागृहाला लागूनच होती. तिथे उस्तारिस प्रोग्राम लिही: पंपघराच्या झडपा उघडणारे, मीटर वाचणारे, तुटलेल्या तारेची बातमी देणारे. त्याचे काम संपले की एर्सिलियाचे सुरू होई. उस्तारिसचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, ती घेई. तो चालायला जे जे लागते ते सारे तिच्या लिखित कृतीप्रमाणे त्याच्याभोवती रचीत जाई, आणि शेवटी सगळ्याची एक मोहोरबंद पेटी करी. तिला तिथे 'इमेज' म्हणतात. मी प्रतिमा म्हणेन. ही प्रतिमा ती संस्थेच्या खाजगी कोठारात चढवी. पंपघरातली यंत्रे त्या कोठारातूनच प्रतिमा उतरवून घेत, अन्य कोठूनही नाही. कोठाराचा अधिकार एकट्या एर्सिलियाकडे होता. तिच्या हातून गेल्याविना गावाच्या नळाला पोहोचेल असे एक अक्षरही उस्तारिस लिहू शकत नव्हता.

तयार प्रतिमा बाहेर फुकट मिळतात, त्या का घेत नाही, असे मी तिला एकदा विचारले होते.

"कुणी शिजवलंय ते माहीत नाही, कशात शिजवलंय ते माहीत नाही," ती म्हणाली, "आणि ते मी गावाला वाढू? माझ्याकडे सगळं मुळापासून होतं, डॉन. वेळ लागतो. लागू दे."

या उत्तरात मला एक व्रतस्थ वृत्ती दिसली होती, आणि ती आजही नाकारता येत नाही. परंतु व्रताच्या आसनाखाली अहंकार सुखाने झोपतो. तो तिथे असल्याचे आसनावर बसलेल्यालाही पुष्कळदा कळत नाही.

वैराचा उगम सर्वांसमक्ष झाला होता. उस्तारिस नवा असताना तिने त्याचा पहिलाच सोर्स वार्षिक सभेच्या दिवशी परत केला. "हा सोर्स नाही, उकिरडा आहे. आधी झाडून आणा," असे ती सभासदांच्या देखत म्हणाली. तो हसला नाही की चिडला नाही. "तुम्ही डबे भरता, बाई," तो म्हणाला. "आत काय आहे ते कळायला स्वयंपाक यावा लागतो." तेव्हापासून दोघांमध्ये कामापुरताही शब्द राहिला नाही. तो सोर्स ठेवी, ती उचली. परत करायचा झाल्यास कारण न देता परत करी, आणि चूक कुठे आहे ते तो स्वतः शोधी.

बोलणे नव्हते, पण माते होता, म्हणजे आमच्याकडचा कडू पाल्याचा गरम काढा. खोलीतली माते ओतण्याची जागा एर्सिलियाची. पेल्यासारखा कोरलेला एकच भोपळा, एकच नळी, आणि फेरी सर्वांची. पहिला घोट ओतणाऱ्याने स्वतः घ्यायचा, ही आमच्याकडची रीत. कारण तो कोमट असतो, कडू असतो आणि पाल्याचा सगळा चुरा त्यातच वर येतो. एर्सिलिया तो पहिला भोपळा रोज सकाळी उस्तारिसच्या पुढे ठेवी. उस्तारिस तो शेवटच्या थेंबापर्यंत पिई आणि रिकामा करून मुकाट्याने परत देई. जो आभार मानतो तो फेरीतून उठतो, हेही सर्वांना ठाऊक असते. उस्तारिसने आभार कधीच मानले नाहीत. मी त्याला म्हटले, "बास्क, घशाखाली जातो तरी कसा?" तो म्हणाला, "ओतताना तिचं तोंड बघत पितो. मग गोड लागतो."

अशा खोलीत, एका जळत्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, ती गोष्ट घडली.

पंपघराच्या झडपांना हुकूम देण्यासाठी एक गुप्त किल्ली असते. ती लोखंडी नव्हे; अक्षरांची लांब ओळ, एका लहानशा फाइलीत ठेवलेली. उस्तारिसने काहीतरी तपासण्यासाठी ती आपल्या सोर्सच्या फोल्डरात आणली आणि तिथेच विसरला. एर्सिलियाच्या कृतीत एक ओळ अशी होती की फोल्डरात जे जे आहे ते सगळे उचलून आत घ्यावे. ते घेतले गेले. बांधणी चालू असताना तिच्या नजरेला ती फाइल पडली.

पुढचे समजण्यासाठी प्रतिमेचा एक धर्म सांगितला पाहिजे. कृतीतली प्रत्येक ओळ प्रतिमेवर एक नवा थर चढवते. खालच्या थरात आलेली वस्तू वरच्या थरात पुसली, तर ती दिसेनाशी होते, नाहीशी होत नाही. थर सोडवत जाणाऱ्याला ती जागच्या जागी सापडते. जुन्या शास्त्रकारांनी तिरोभाव आणि नाश यांत जो भेद केला आहे तो मला या यंत्रविद्येत अगदी जसाच्या तसा भेटला, आणि मी काही काळ स्तिमित झालो होतो. वस्तू झाकणे म्हणजे वस्तू संपवणे नव्हे.

एर्सिलियाला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. किल्ली दिसताच एकच करायला हवे होते: बांधणी थांबवायची, खोलीच्या पलीकडे बसलेल्या माणसाला सांगायचे, 'तुमची किल्ली इथे राहिली आहे, बदला,' आणि पुन्हा मुळापासून बांधायचे. त्यासाठी त्याच्याशी बोलावे लागले असते. तिने कृतीत एक ओळ वाढवली, वरच्या थरात ती फाइल पुसली, आणि प्रतिमा कोठारात चढवली. कारण न देता सोर्स परत केला असता, तरी त्याने किल्ली शोधून काढली असती. पण ती परत घेताना त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा जो भाव उमटला असता, तेवढेही सुख तिला त्याला द्यायचे नव्हते.

दोन ऋतू काही झाले नाही. मग शेजारच्या सान इरेनेओ गावच्या संस्थेला आम्ही आमच्या कोठारातून प्रतिमा उतरवण्याची मुभा दिली. त्यांनाही तसेच पंपघर चालवायचे होते. त्यांच्या माणसाने घेतलेल्या पेटीचे थर सोडवून पाहिले, जसे कोणीही जबाबदार माणूस पाहील. त्यांच्या अध्यक्षांनी आमच्या अध्यक्षांना, डॉन बाल्दोमेरो फास्सी यांना, फोन केला. "तुमच्या पाण्याची किल्ली आमच्याकडे आली आहे. आम्ही ती लावून पाहिली नाही. पण तुम्ही ती बदला, आणि बदलेपर्यंत लाजा."

डॉन बाल्दोमेरो हे दुधाचे व्यापारी; अपमान त्यांना लवकर पचत नसे. किल्ली त्याच क्षणी बदलवून त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावले.

उस्तारिस उभा राहिला. "फाइल माझी," तो म्हणाला. "मी ठेवली, मी विसरलो. ते माझ्यावर लिहा. पण ती पेटीत गेली आणि पेटी कोठारात गेली. मधे एक बाई बसवलीय ना आपण? कशाला बसवलीय? माझा स्वल्पविराम चुकला तर सोर्स परत करतात. पंपघराची किल्ली मात्र दिसली नाही. वय झालंय त्यांचं. डोळे गेलेत. कोठार काढून घ्या, मी चालवतो."

एर्सिलिया हातांची घडी घालून बसली होती. डॉन बाल्दोमेरो तिचे दूरचे नातलग. त्यांना तिला घालवायचे नव्हते, हे त्यांच्या आवाजावरून कळत होते.

"डोन्या एर्सिलिया, नजरचूक कोणाचीही होते. उन्हाळ्याचे दिवस होते. नजरचूक झाली एवढं म्हणा, पुढे काळजी घ्या, आणि कोठार आहे तिथेच राहू दे. चालेल ना सगळ्यांना?"

आम्ही माना हलवल्या. एक शब्द, आणि तिचे आयुष्य होते तसे राहिले असते. मी तिच्याकडे पाहत होतो. ती उस्तारिसकडे पाहत होती.

"माझे डोळे शाबूत आहेत," ती म्हणाली. "मला दिसली होती."

"काय दिसलं होतं?"

"किल्ली. बांधतानाच दिसली. वरच्या थरात पुसली. खाली राहणार हे माहीत होतं."

"मग सांगितलं का नाही?" डॉन बाल्दोमेरोंचा आवाज आता नातलगाचा नव्हता.

"याला?" ती म्हणाली.

उस्तारिस खाली बसला. त्याने मागितले होते ते त्याला मिळाले होते, आणि मिळण्याची रीत त्याला आवडली नव्हती. आंधळी म्हणवून घेऊन ती सर्वस्व राखू शकत होती. त्यापेक्षा तिने दुष्ट म्हणवून घेतले. यात सत्याची चाड किती आणि गर्व किती, याचा निवाडा मी अजून करू शकलेलो नाही. दोन्ही एकाच भोपळ्यात होते.

कार्यकारिणीने ठराव केला, आणि त्याला मीही हात वर केला: कोठार उस्तारिसकडे, एर्सिलिया मोंदिनो हिने वीजबिलांच्या खिडकीवर बसावे. तत्पूर्वी तिने कोठारातल्या सगळ्या जुन्या प्रतिमा स्वतः नष्ट कराव्यात आणि उस्तारिसला शेजारी बसवून प्रत्येक नव्याने, मुळापासून बांधून द्यावी.

त्या वसंतात मी खोलीत अनेकदा जाऊन बसलो. जी तिने स्वतः मुळापासून बांधली होती, त्या एकेका पेटीवर ती नाशाची आज्ञा देत होती. मग बांधणी. आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

"सगळं उचला ही ओळ काढा," उस्तारिस म्हणाला. "एकेका फाइलीचं नाव लिहा."

"तुम्ही शहाण्यासारखा सोर्स दिला असता तर ती ओळ चालली असती."

"तुम्हाला तोंड असतं तरी चालली असती."

"आता आहे ना? ऐका तर. हे फोल्डर रिकामं का ठेवलंय?"

"लागतं."

"नाही लागत. काढा."

त्याने ते काढले. दोघांच्या कपाळावरची आठी शेवटच्या प्रतिमेपर्यंत हलली नाही. सलोखा झाला असे सांगून मला कोणाला सुखावायचे नाही. पण त्या खोलीतून त्या वसंतात बाहेर पडलेले काम इतके स्वच्छ होते की सान इरेनेओचा माणूस थर सोडवून कंटाळला.

शेवटची प्रतिमा कोठारात चढली तेव्हा दुपार होती. एर्सिलियाने कोठाराचा अधिकार उस्तारिसच्या नावे केला, मग पाणी तापवले आणि भोपळ्यात पाला भरला. पहिला घोट तिने ओतला. तो तिने स्वतः घेतला, चुऱ्यासकट, सावकाश. दुसरा ओतला तेव्हा त्यावर फेस होता आणि वाफ होती. तो तिने उस्तारिसपुढे ठेवला. तो तिच्या तोंडाकडे न पाहता प्याला. तिने भोपळा आणि थर्मास पिशवीत घातला आणि खिडकीवर गेली.

ती अजून तिथेच आहे. उस्तारिसची बांधणी अडली की तो दुपारच्या झोपेआधी त्या खिडकीशी येतो. त्याला पाहूनही ती मान वर करत नाही.

"रांगेत, सेन्योर उस्तारिस."

तो बिले घेऊन आलेल्या बायाबापड्यांच्या मागे उभा राहतो. त्याची पाळी येते. परवा मी त्याच्या मागेच होतो.

"मीटरची प्रतिमा फार फुगलीये," तो म्हणाला. "कळत नाही का ते."

"बांधायची हत्यारं आतच ठेवली असतील. घर बांधून झाल्यावर गवंडी घरात ठेवतात का? दुसऱ्या पेटीत बांधा आणि नुसतं तयार झालेलं इकडे आणा." तिने शिक्का उचलला. "आणि कालच्या सोर्समध्ये तुमची चाचणीची फाइल आहे. माझ्या खिडकीवरच्या संगणकाच्या पडद्यावरसुद्धा तिचं नाव दिसतंय. काढा ती."

"काल दिसली तर काल सांगायचं."

"आज सांगितलं ना. पुढचा या."

तो बाजूला झाला आणि खोलीकडे गेला, बऱ्यापैकी लगबगीने. मी माझे बिल पुढे केले.