हिची पट्टी काळी चार

नोकरीची सगळी वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये गेली. तिथे शेजारच्याला 'डबा आणलास का' एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. मग उदारीकरण आलं, कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. मशिनं तिथेच राहिली, आवाज मात्र माझ्याबरोबर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये आला.

"अहो, मी स्वयंपाकघरात आहे," मी चहा मागितला की ही म्हणायची, "खालच्या मजल्यावरून चहा येणार आहे का?"

सोसायटीच्या गणपतीत मी आरती अशी काही वर चढवायचो की दुसऱ्या कडव्यापर्यंत बाकीचे गप्प होत. ते भारावून गप्प होतात, असा माझा समज होता. शेवटी ही मला तिच्या गाण्याच्या क्लासला घेऊन गेली. ही लहानपणी गाणं शिकलेली. मुलं मोठी झाल्यावर तिने ते पुन्हा सुरू केलं होतं. शिकवणाऱ्या बाई शेजारच्याच इमारतीत राहत. वयाने आमच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण जिभेने मोठ्या.

मी 'सा' लावला.

"काका, कुणाला हाक मारताय?"

"सा लावला."

"लागला. आळंदीपर्यंत लागला. आता इथे बसलेल्यांसाठी लावा."

गाताना मानेच्या शिरा दिसता कामा नयेत, म्हणून त्यांनी माझ्या हातात आरसा दिला. 'सा' म्हटला की आरशात बैलगाडी ओढणारा माणूस दिसे. मग श्वास पोटातून यावा म्हणून मला सतरंजीवर आडवं झोपवलं. मी खरंच झोपलो. जाग आली तेव्हा क्लासमधल्या मुली तोंडाला ओढण्या लावून हसत होत्या.

"घोरण्यातला खर्ज छान आहे," बाई म्हणाल्या. "तेवढाच सैल गळा जागेपणी ठेवा."

पण त्यांचा मुख्य धडा वेगळा होता. आपला 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर सहज बसतो, ती आपली पट्टी. माझी निघाली काळी एक, हिची काळी चार. "गळा ताणायचा नसेल तर आपली पट्टी सोडायची नाही," बाई मुलींना बजावत. "कुणी कितीही आग्रह केला तरी."

बाईंचे यजमान सॉफ्टवेअरमध्ये होते. त्यांची बेंगळुरूला बदली ठरली आणि बाईंनी हिला विचारलं, "क्लास तुम्ही चालवाल?" त्या दिवशी हिने आमटीत दोनदा मीठ घातलं आणि मी काही बोललो नाही, यावरून घरातलं वातावरण कळावं. आयुष्यात पहिल्यांदा तिला 'अमक्यांची मिसेस' याखेरीज कुणीतरी काहीतरी म्हणणार होतं. बाईंची अट एवढीच की गणपतीतल्या कार्यक्रमात तिने गावं, म्हणजे मुलींच्या आया ऐकतील.

मी म्हटलं, आपण दोघं गाऊ. भजन. नको म्हणायला तिला जमलं नाही.

साथीला पेटी-तबला नव्हता, नुसता बुधवार पेठेतून आणलेला तंबोऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा. पट्टी बदलायला त्याला एक बटण होतं, फिरवायचं. तालीम अर्थातच काळी चारमध्ये झाली. त्या पट्टीत मी वर गेलो तर शिरा दिसत, खाली गेलो तर मीच मला ऐकू येत नसे. बाई म्हणाल्या, "छान. तुम्ही खालीच राहा."

कार्यक्रमाला माझ्या प्रेस शॉपमधली मंडळी आली होती, पुढच्या रांगेत. ती मला ऐकायला आली होती आणि मी ऐकू येणार नव्हतो. सेक्रेटरी प्रायोजकांचे आभार मानत होते, ही पदर सारखा करत होती. मी बटण काळी एकवर फिरवलं.

तंबोरा वाजू लागला तसं हिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. कलावंत मिटतात तसे.

मग मी गायलो. काय सांगू, एकही शीर ताणली नाही. आवाज पोटातून, सैल, गोल, बाईंनी सांगितला तसाच आला. ओळ वर चढली तेव्हा माझ्याशेजारी हिचा आवाज चिरकला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा चिरकला. माझ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मला.

बाईंच्या कानाला पट्टी लगेच कळली होती. त्यांना वाटलं, हिनेच नवऱ्यासाठी स्वतःची पट्टी सोडली. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या. "गळा बरा होईल हो," त्या हिला म्हणाल्या, "पण मुलींना मी जे करू नका सांगते, तेच तुम्ही स्टेजवर केलंत." ही खाली बघत राहिली. मी पेपर वाचत होतो. क्लास दुसऱ्या एका बाईंकडे गेला. त्या नाकात गायच्या.

आता ऐंशी जवळ आली, म्हणून हे लिहून काढलं आणि आधी हिला वाचून दाखवलं. बटणाचं ऐकून ती उडेल असं वाटलं होतं. ती शेंगा सोलत राहिली.

"मला काय कानाने कमी ऐकू येत होतं?"

"मग बाईंना सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पेपर तुमचा काही संपला नाही."

मी कागद मिटू लागलो.

"मिटू नका. बाईंना लावा फोन. माझ्यासमोर वाचा."

वाचला. मग बाई म्हणाल्या, "काका, त्यांना द्या."

ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. मी उरलेल्या शेंगा सोलल्या. खूप वेळाने ती बाहेर आली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, मुलींना गाण्याला कधीपासून बसवताय?"

"मग?"

"म्हटलं, हॉल रिकामा हवा. संध्याकाळी यांना कुठे बसवायचं ते ठरलं की लगेच."