तापलेल्या मशीनला वारा

मी अन् बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोरीच्या कम्प्युटरला हातपंख्यानं वारा घालणं.

पोरगी पिपरी मेघे गावातल्या आमच्या घरूनच परदेशातल्या कंपनीचं काम करते. एका कम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप जातात, तो कारभार. तिनं समजावलं होतं: दर निरोपाला मशीन मेमरीतली नवी जागा मागते अन् काम झालं की सोडून देते. पंगतीत प्रत्येकाला नवी पत्रावळ, तसं. तिनं बदल असा केला की तीच ताटं धुऊन पुन्हा वाढायची. त्यानं वेळ वाचतो हे आकड्यानं दाखवलं तर नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेर घरी.

पण वाचणारा वेळ एवढासा. बाकी काही बदललं की त्यात झाकून जातो. म्हणून ती मशीनवरचं दुसरं सगळं बंद करायची. भर उन्हाळ्यात कूलरही बंद, कारण त्यातलं पाणी संपत आलं की हवा बदलते, अन् मशीन तापलं की मंद होतं. चाचणीची एक फेरी जुन्या पद्धतीची, एक नव्या, अशी आलटून-पालटून चालवायची, म्हणजे गरमी दोन्हीला सारखीच. त्या दिवशी घाई होती. आधी जुन्याच्या सगळ्या फेऱ्या काढल्या, मग नव्याच्या लावल्या, अन् हात लावू नका सांगून आंघोळीला गेली.

बायको खोलीत डोकावली. "अहो, तव्यावानी तापलं हे. इकडं या."

"तिनं हात लावू नका म्हटलं ना."

"हात कुठं लावून राह्यली? वारा घालते. तुमाले जल्मात कोणाले वारा घालाचं सुचलं नाई."

तिचा हात दुखायला लागला की मी घालत होतो. न्हाणीचं दार वाजलं तसा तिनं पंखा पदराखाली घेतला.

नवं चांगलंच पुढे निघालं. पोरीनं आईला धरून गरगर फिरवलं. जेवणं झाली. दुपारी बायकोच्या छातीत दाटलं अन् दवाखान्याच्या दारातच ती संपली. दिवस बुडायच्या आत आम्ही तिला जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी मशीन उघडून बसली. आकडे पाठवायचे होते.

"आईनं ऐकलं तरी, बाबा. खुश होऊन गेली."

मी सांगून टाकलं. "नवं चालू होतं तवा आमी मशीनले वारा घातलता. जुन्याले नाई."

"आईनं?"

"दोघांनी."

"काऊन सांगतलं तुमी मले?"

"तू पाठवून राह्यली होती म्हणून."

तिनं पुन्हा आलटून-पालटून लावलं. एकदा जुनं पुढे, एकदा नवं. परत लावलं. तसंच. बदलानं काही वाचलंच नसेल, किंवा वाचलं असेल अन् दिसत नसेल. तिच्यासाठी दोन्ही सारखंच.

शेजारच्या बाया भेटायला आल्या. एकीनं आत पाहिलं. "काकाजी, माय काल गेली अन् पोरगी कम्प्युटरवर?"

"हो. तुमी ओसरीत बसा. खोलीत गर्दी झाली की गरमी वाढते."

"एवढं कोणतं काम अडलं?"

पोरगी आत आणखी एक फेरी लावत होती. मी खोलीचं दार लोटलं अन् चौकटीला पाठ लावून बसलो.