पहिल्या घासाची पाडी

आमच्या घरात पाडव्याला गुढी उभी राहिली की कडुलिंब-गुळाचा पहिला घास घरातल्या सगळ्यात लहान जिवाला द्यायचा आणि शेवटचा सगळ्यात थोराने खायचा. लहान म्हणजे माणसाचंच मूल हवं असं नाही. मूल नसेल त्या वर्षी गोठ्यातलं वासरू, तेही नसेल तर शेळीचं पिल्लू. सासूबाई सांगायच्या, नवं वर्ष आधी नव्या जिभेने चाखावं, म्हणजे त्यातला कडूपणा घरात राहत नाही. वासराला काय वाटायचं कुणास ठाऊक, गुळापायी ते पालाही चाटून टाकायचं.

नवरा गेल्यावर मी गाय विकली. मुलगा मुंबईला. तो गणपतीला न चुकता येतो, पण पाडव्याला नातीची परीक्षा आडवी येते. यंदा तिने फोनवर फोटो पाठवला, अंड्यातून डोकावणारं पिवळं पिल्लू. शाळेत ईस्टरसाठी कापसाचं केलं म्हणे. गोड होतं. पण कापसाच्या पिल्लाला घास कसा भरवायचा? मला उगाचच राग आला, आणि मग त्या रागाचीच लाज वाटली.

गुढी एकटीनेच उभारली. काठी धरायला कुणी नाही, म्हणून ती आधी पडवीच्या खांबाला बांधली आणि स्टुलावर चढून साडी नेसवली. कडुलिंब फोंड्याच्या बाजारातून आणला होता. सगळं होतं, फक्त घास घेणारं कुणी नव्हतं.

अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे माझी थोरली चुलत जाऊ राहते. तिच्या गायीला शिमग्यात पाडी झाली होती. ती मी घटकाभर मागून आणली. जाऊ हसली, घेवन जा म्हणाली, पण हिची आवस वरडतली हेही तिने बजावलं.

आणि गाय हंबरायलाच लागली. पाडीने माझा हात हुंगला, तोंड फिरवलं आणि दावं ताणून गडग्याकडे ओढ घेतली. अजून दुधावरच होती ती, तिला गूळ काय माहीत! गोठा रिकामा झाल्यापासून एवढी साधी गोष्टही माझ्या ध्यानात राहिली नव्हती. मी दावं सोडलं. ती शेपटी उडवत आईकडे पळाली. आपल्या अंगणातून कुणी इतक्या आनंदाने निघून जावं, याचं मला वाईट वाटलं.

जावेने गडग्यावरून विचारलं, "खाल्ल्यान गो?"

मी नाही म्हटलं. यंदा पहिला घास राहिलाच, असंही म्हटलं.

ती गडग्यावर कोपरं टेकून म्हणाली, "मगे तूच खा. तुझ्या घरात तुझ्यापरास ल्हान कोण आसा आता?"

समजूत घालायलाच म्हणाली बिचारी. मी आत आले, गुढीसमोर बसले आणि पहिला घास खाल्ला. वाटीत थोराचा घास उरला होता. मग तोही खाल्ला.