सिद्धरामच्या काचा

सिद्धराम आमच्या भौतिकशास्त्र विभागातला परिचर. दक्षिण सोलापूरकडचा, घरात कन्नड, बाहेर मराठी. अठरा वर्षांत माझ्या हाताखाली पाच जणांनी पीएचडी केली, असं मी चारचौघांत मिरवतो. त्या पाचही जणांच्या काचा सिद्धरामने केल्या, हे मात्र सांगत नाही. काच घासून लख्ख करायची आणि जस्ताच्या क्षाराच्या गरम द्रावणात तासन्‌तास टांगून ठेवायची. चुन्याचा एक हात द्यावा तसा तिच्यावर पांढरा थर चढतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर केसाहून शेकडो पट बारीक कांड्या उभ्या दिसतात. विषारी वायू त्यांना लागला, की थरातून जाणारी वीज बदलते आणि धोका कळतो.

प्रियदर्शनी माझी पीएचडीची विद्यार्थिनी, श्रीपूरची. सांडपाण्याच्या टाकीत उतरलेला माणूस वायूने गुदमरून गेलेला तिने लहानपणी बघितला होता, म्हणून तिला त्याच वायूचा सेन्सर करायचा होता. एका मार्चमध्ये तिच्या चार काचांनी कमाल केली. वायू जरासा सोडायचा अवकाश, आकडा सरकन वर जायचा. मी लगेच परिषदेत फुशारकी मारून आलो. पुढे चौदा महिने तिने सिद्धरामकडून तीच कृती करून घेतली, पण तसा थर पुन्हा जमला नाही.

माझं डोकं फिरलं. सगळ्या विद्यार्थ्यांना उभं करून विचारलं, कुणी काही बदललं का? सगळे नाही म्हणाले. मग भर सेमिनारमध्ये मी तिला म्हणालो, "आकडे मोजले होतेस, की मनाचे घातलेस?" ती वही मिटून निघून गेली. आठवड्याने कळलं, पीएचडी सोडून ती जुळे सोलापुरात एका शाळेत शिकवायला लागली होती.

महिन्याभराने सिद्धराम माझ्या खोलीत आला.

"सर, त्या चार काचांना पाणी नळाचं हुतं."

त्या आठवड्यात नळाला पाणी आलं नव्हतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद होतं. पोरीचा दिवस वाया जाऊ नये म्हणून याने पिंपात आधी साठवलेलं नळाचं पाणी वापरलं होतं.

"इतके दिवस गप्प का बसलास?"

"आदी भ्यालो सर. मग तुमी समद्यांला इचारलं, मला न्हाय इचारलं. वाटलं, सुटलो. लई पाप झालं की."

मी ओरडणार, तोच लक्षात आलं. काचा करतो तो, आणि त्यालाच विचारायचं मला सुचलं नव्हतं.

आम्ही दोघांनी पिंपातल्या पाण्यात काचा केल्या. तिसऱ्या दिवशी आकडा तसाच वर गेला. त्या पाण्यातल्या क्षारांनी कांड्यांचा आकारच बदलला होता.

रविवारी मी प्रियदर्शनीच्या घरी गेलो. दारातूनच म्हणालो, "तुझे आकडे खरे होते! परत ये, सहा महिन्यांत प्रबंध होईल."

तिने आत बोलावलं, चहा दिला.

"माहीत आहे सर. तुमच्याकडे यायच्या आधी सिद्धराममामा इथे येऊन गेले. रडले, माफी मागितली."

"बरं केलं. मग कधी येतेस?"

"सर, मामांनी पाणी बदललं, त्याची माफी त्यांनी मागितली. मला खोटी तुम्ही ठरवलंत."

माझं वय एकोणसाठ, आणि माफी मागायला सुरुवात कुठून करायची ते मला सुचेना.