सुनावणीची हजेरी

आमच्या गावात प्रगतिपुस्तकावर सही मिळवणं ही शाळेच्या परीक्षेपेक्षा अवघड परीक्षा होती. बाबा पुस्तक हातात घ्यायचे आणि मला सगळं मोठ्यानं वाचायला लावायचे, वरच्या शाळेच्या नावापासून ते खालच्या शेऱ्यापर्यंत. 'अक्षर सुधारावे' एवढं मी हळूच गाळलं तरी त्यांना कळायचं, कारण त्यांना वाचता येत होतं. मला छळायची हौस म्हणून नाही, पण त्यांची रीतच ती.

त्याला कारण होतं. माझ्या जन्माआधी जमिनीचा एक दलाल गावात आला होता. त्यानं देवळात सभा घेतली आणि सभेला कोण कोण आलं त्याची हजेरी म्हणून एका कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतले. वर्षभरानं त्याच कागदाच्या वरच्या मोकळ्या जागेत मिठागराच्या विक्रीची संमती लिहिलेली निघाली. पहिला अंगठा माझ्या आजोबांचा होता. तेव्हापासून गावानं कानाला खडा लावला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आमच्या गावानं तर पाणीही फुंकून प्यायला सुरुवात केली. कुरिअरवाल्याला सही मिळायची नाही. निवडणुकीचा यादीवाला आला की बायका आतून सांगायच्या, घरात कोनी नाय.

आणि अशा गावातली मी, शिकून बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत मराठी लघुलेखिका म्हणून लागले. लग्नानंतर वाशीला राहायला आले. बाबा नातेवाइकांत मला कौतुकानं 'आमची सायबीन' म्हणायचे, पण माझ्या कचेरीचं पाकीट आलं की तेही उलटंपालटं करून बघायचे.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची. मोठा प्रकल्प करायचा तर आधी लोकांचं म्हणणं ऐकायचं, असा नियम तेव्हा नवानवाच आला होता. आमच्या गावालगत खाडीकाठी एका कंपनीचं गॅसवर चालणारं छोटं वीजकेंद्र होतं. त्यांना ते वाढवायचं होतं. त्याची सुनावणी वाशीच्या एका हॉलमध्ये ठरली आणि इतिवृत्त लिहायला मला नेमलं.

त्याआधीच्या रविवारी मी माहेरी गेले होते. बाबा जाळं दुरुस्त करत बसले होते आणि तोंडानं चालू होतं, त्या केंद्रातून गरम पाणी खाडीच्या उथळात सोडतात, मावरं, म्हणजे मासळी, अंडी घालायला तिथंच येतं, ते आता येईनासं झालंय. माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्षभर मी हेच ऐकत होते.

"बाबा, घरात बडबडून काय उपयोग? बुधवारी वाशीला या आणि साहेबांसमोर बोला. मी लिहून घेणार आहे, मीच."

"तू लिवनार?"

"मीच."

"मंग येतो," ते म्हणाले.

बुधवारी हॉल भरला. कंपनीचा इंजिनिअर आधी बोलला. तरुण होता, हुशार होता आणि खरं सांगायचं तर मला आवडला. तो म्हणाला, कोळसा जाळला की धूर फार, गॅसचा त्यामानानं कमी. जपानात नुकतीच सगळ्या देशांची बैठक झाली, हवा तापतेय म्हणून जग डोक्याला हात लावून बसलंय. आणि तेल बाहेरून आणत राहिलो तर आखातात कुणी बंदूक काढली की इथं आपल्याकडे रॉकेलची रांग लागणार. देशाची वीज देशातल्या गॅसवर व्हावी, एवढंच त्याचं म्हणणं. रॉकेलच्या त्या रांगेत मी स्वतः डबा घेऊन उभी राहिले होते, त्यामुळे मला पटलं.

मग वाशीच्या एका सोसायटीतले निवृत्त प्राध्यापक उठले. त्यांचं म्हणणं वेगळं. गॅस आज बरा दिसतो, पण एकदा केंद्र बांधलं की तीस वर्षं त्याच्याशी संसार करावा लागतो. सरकारनं उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेवर जोर द्यावा. आपली वाशी खाडीत भराव घालून उभी आहे, उद्या समुद्र चढला तर तळमजल्यावाल्यांनी कुठं जायचं? मागून कोणीतरी म्हणालं, "सर, तुम्ही तर चौथ्या मजल्यावर राहता." हॉल हसला, सरही हसले. पण मला तेही पटलं. माझी पेन्सिल चालत होती आणि जो बोलेल त्याच्याकडे माझं मत झुकत होतं. एरवी मी एवढी मऊ नाही, घरी विचारा.

मग सुनावणी घेणाऱ्या आमच्या कचेरीच्या साहेबांनी विचारलं, "स्थानिक ग्रामस्थांपैकी कोणी बोलणार आहे का?" ते साताऱ्याकडचे, कमी बोलणारे, सरळ गृहस्थ. दारावरचा शिपाई हजेरीचा कागद घेऊन आला. ज्यानं सही केली त्यानंच बोलायचं, असं ठरलेलं. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. सोसायट्या होत्या, कंपनी होती, कॉलेज होतं, गाव एकही नव्हतं.

"बाई, लिहा," ते म्हणाले. "स्थानिक ग्रामस्थ उपस्थित नव्हते. त्यांची हरकत नाही."

मी मान वर केली. दाराशी भिंतीला टेकून बाबा उभे होते. त्यांच्यासोबत गावातले दहाबारा जण, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. सगळे आले होते आणि एकानंही सही केली नव्हती. कप्पाळ माझं. मीच बोलावलं, आणि सही लागेल एवढी एक गोष्ट सांगायची विसरले. आता माझ्याच हातानं मी लिहिणार होते की माझा बाप आलाच नाही आणि त्याची काही हरकतही नाही.

"साहेब, ते आलेत," मी म्हणाले. "ते माझे बाबा आहेत. बाकीचे आमच्या गावचे."

साहेबांनी दाराकडे पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

मी कागद घेऊन बाबांकडे गेले. "सही करा. नाहीतर तुम्ही इथं नव्हताच असं होईल."

"आमी हाव ना हितं. दिसतो ना?"

"दिसून चालत नाही, बाबा. कागदावर दिसावं लागतं."

"कागदावर तुजा आजा पन दिसला होता."

"अहो, ही नुसती हजेरी आहे."

"ती पन हजेरीच होती."

मला रडू यायला लागलं होतं, रागानं. "माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"तुज्यावर हाय गो बाय," ते अगदी मायेनं म्हणाले. "तूच वाच. वर काय लिवलंय त्ये वाच, मंग मी सही करतो."

मी कागद समोर धरला. अनुक्रमांक, नाव, गाव, सही. असे रकाने आदल्या दिवशी मीच पट्टी धरून आखले होते. त्याच्या वर चार बोटं कोरी जागा होती. काही लिहिलेलं नव्हतं. आमच्याकडे तशीच पद्धत. बैठकीचा विषय ऐनवेळी वरून बदलून येतो, म्हणून मथळ्याची जागा सोडायची आणि सगळं आटोपल्यावर टाइपरायटरवर मथळा चढवून घ्यायचा. सगळ्याच बैठकांना आम्ही असंच करायचो. त्यात कुणाची लबाडी नव्हती. मलाही कधी त्यात वावगं दिसलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेखाली चाळीस लोकांच्या सह्या होत्या.

बाबांनी त्या जागेवर बोट ठेवलं. एव्हाना साहेब चहाचा कप घेऊन आमच्यामागे येऊन उभे राहिले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांना राग येईल असं मला वाटलं. त्यांनी कप खिडकीत ठेवला.

"बरोबर बोलतायत ते," साहेब म्हणाले. "बाई, लिहा वर."

"काय लिहू?"

"त्यांना विचारा."

बाबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं. मी दाराच्या फळीवर कागद टेकवून सुवाच्य अक्षरात लिहिलं: ही फक्त हजेरी आहे, प्रकल्पाला संमती नाही आणि विरोधही नाही. 'विरोधही नाही' हे बाबांनीच घालायला लावलं. साहेबांनी त्याखाली सही केली. बाबांनी मला ते पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं, तारखेसकट. मग सही केली. मागोमाग सगळ्या गावानं केली.

चहानंतर बाबा माइकसमोर उभे राहिले. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोलणं लघुलिपीत घेतलं आणि त्यातला एकही शब्द शुद्ध केला नाही.

"वीज आमाला पायजे. लाइट गेली का बरफाचा कारखाना बंद, आनि बरफ नाय तर मावरं कुजतं. ह्ये इंजिनेर बोलले ते खरं हाय. मास्तर बोलले ते बी खरं हाय. दर्या वर येल तवा येल, आमी तवा पन हितंच असू. पन गरम पानी आज येतं. तुमचा पाइप फुडं न्या, भर पान्यात. येवढंच."

ते खाली बसले. प्राध्यापकांनी टाळी वाजवली. इंजिनिअर वहीत काहीतरी लिहीत होता, मग बाकावरून उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसला आणि उथळ कुठं संपतं ते विचारू लागला. बाबांनी त्याच्या वहीत खाडी काढून दाखवली. काही महिन्यांनी कंपनीला परवानगी मिळाली, आणि तिच्या अटींत पाइप होता. दोन वर्षांनी तो पुढे नेला. बाबांनी दाखवला तेवढा नाही, पण नेला.

त्या बुधवारी मात्र हे काही माहीत नव्हतं. मी त्यांना वाशीच्या बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. मला मनातून फार बरं वाटत होतं, बापाचा अभिमानही वाटत होता आणि थोडा स्वतःचाही. गावची बस लांबून दिसली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुज्या हापिसात असं कोरं कागद अजून किती हायेत गो?"

माझ्या टेबलामागचं कपाट असल्याच कागदांनी भरलं होतं, सह्या आधी आणि मथळा मागाहून. सात वर्षं मीच ते कागद आखत होते. मी त्यांना सांगितलं, "माहीत नाही, बाबा," आणि ते बसमध्ये चढले.