व्हर्डेल प्रूइटचे सत्तावन्न कागद

आमच्या वॉर्डात आजही व्हर्डेल प्रूइटचं नाव निघालं की कुणीतरी हसतंच. "तीच ना? जिला पानांवर नंबर टाकता आले नाहीत?" परवा केस करायला गेले होते, तिथे शेजारच्या खुर्चीतली एकजण हेच म्हणाली. मी तिथल्या तिथे तिला विचारलं, "तुला किती येतं गं?" भांडण व्हायचं राहिलं. पण खरं सांगायचं तर रागवायचा हक्क मला नाही. नंबर राहिले ही गोष्ट खरी आहे. ते राहू कुणी दिले, हे त्या बाईला ठाऊक नव्हतं, एवढंच.

व्हर्डेल शाळेपुढच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून द्यायची. सव्वीस वर्षं. गळ्यात शिट्टी, अंगात पिवळं जाकीट, आणि हात वर केला की मालवाहू ट्रकसुद्धा गपकन थांबायचा. शिकागोच्या पश्चिम भागातली आमची अर्धी पोरं तिच्या हाताखालून मोठी झाली. लहानथोर सगळे तिला 'मिस व्हर्डेल' म्हणायचे आणि ती सगळ्यांना 'बाळ', मग समोर साठीचा म्हातारा का असेना. त्या चौकात सिग्नल हवा म्हणून तिने नगरसेवकाकडे नऊ वर्षं अर्ज दिले. नऊ वर्षं त्याने नाताळला तिला शुभेच्छापत्र पाठवलं.

त्या वर्षी आमच्या भाडेकरू संघटनेने नगरसेवकाविरुद्ध उमेदवार द्यायचं ठरवलं. एक शिक्षक होता, चांगला माणूस. उभं राहायचं तर वॉर्डातल्या पावणेपाचशे मतदारांच्या सह्या लागतात, आणि नगरसेवकाचे वकील त्यातल्या निम्म्या उडवतात, म्हणून गोळा करायच्या दुप्पट. मी थेट व्हर्डेलकडे गेले. म्हटलं, "मिस व्हर्डेल, तुम्हाला कुणी नाही म्हणणार नाही. आमच्या माणसासाठी सह्या घ्या."

ती म्हणाली, "नडीन, बाळ, माणूस चांगला आहे गं. पण तो या चौकात कधी उभा राहिलाय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मीच उभी राहतेय."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी चौदा वर्षं घरमालकांशी भांडले, कायद्याची पुस्तकं वाचनालयात बसून एकटीने पालथी घातली, आणि ही बाई गळ्यात शिट्टी घालून सरळ नगरसेवक व्हायला निघाली, मला विचारल्याशिवाय! वर आमची मतं फोडणार. मी म्हटलं, "हे पोरांना रस्ता ओलांडून देण्याइतकं सोपं नाही."

"ते सोपं असतं असं कोण म्हणालं?" ती म्हणाली आणि शिट्टी वाजवून वळली.

ऑगस्टच्या शेवटापासून ती एकटीच फिरली. कामाची वेळ संपली की जाकीट काढून ठेवायची, कारण ड्युटीच्या कपड्यात सह्या मागायच्या नाहीत. मग कार्लोव्ह रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या दिवशी दुसरी. मी तिला एकदा आमच्याच गल्लीत ऐकलं. दारात एकजण ऐटीत लांबलचक शेपटीवाली सही करायला निघाला होता.

"थांब, बाळ. मतदार म्हणून नाव नोंदवलंस तेव्हा अशीच केली होतीस?"

"तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो, मिस व्हर्डेल."

"मग अठरा वर्षांचा हो आणि तशी कर. ते वकील जुनी सही काढून शेजारी ठेवतात."

त्याची बायको आतून ओरडली, "माझीही तोच करेल, माझे हात पिठात आहेत!"

"हात धू. मी थांबते."

ती खरंच थांबली. प्रत्येक कागदाच्या तळाशी सह्या घेणाऱ्याने शपथ लिहायची असते, की या सह्या माझ्या डोळ्यांदेखत झाल्या. ती शपथ बहुतेक लोक डोळे मिटून घेतात. आमच्या शिक्षकाच्या कागदांत नवऱ्याच्या सह्या बायकांनी केलेल्या किती होत्या, ते मी इथे लिहीत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी, कागद दाखल करायच्या दोन दिवस आधी, दुपारी ती आमच्या कचेरीत आली. त्या शपथेवर नोटरीसमोर सही लागते आणि आसपास नोटरी म्हणजे मीच. सत्तावन्न कागद, सातशे चव्वेचाळीस सह्या. मला वाटलं होतं, दोनशेवर थकेल. ती माझ्यासमोर एकेक सही करत गेली आणि मी एकेक शिक्का मारत गेले.

तिसऱ्या कागदावर माझ्या लक्षात आलं. खाली उजव्या कोपऱ्यात पानाचा नंबर लिहायची रेघ असते. ती कोरी होती. चौथ्यावरही. मी गठ्ठा चाळला. सगळीकडे कोरी.

तिचं कसं झालं असेल, हे मला लगेच कळलं. जन्मभर या बाईने सरकारी खिडकीत कागद दिले. तिथे नंबर नेहमी खिडकीच्या आतला माणूस टाकतो. तिला वाटलं, हाही त्यांचाच रकाना.

पेन माझ्या हातात होतं. एक ते सत्तावन्न. पाच मिनिटांचंही काम नव्हतं. आमच्या शिक्षकाच्या कागदांवर आदल्याच आठवड्यात मी स्वतः नंबर टाकले होते.

शेवटचा शिक्का झाल्यावर तिने विचारलं, "सगळं बरोबर आहे ना, नडीन? तुला यातलं कळतं."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. नोटरी वकील नाही, इथे कायद्याचा सल्ला मिळणार नाही. ही पाटी मी कधी पाळलेली नव्हती. त्याच सकाळी एका बाईला घर खाली करायची नोटीस आली होती, तिचं उत्तर मी दोन तास बसून लिहून दिलं होतं.

व्हर्डेलने पाटी वाचली. "बरं," म्हणाली. कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या, डाव्या बाजूने बांधून घेतले, आणि येताना आणलेला कॉर्नब्रेडचा डबा माझ्यासाठी ठेवून गेली. मी स्वतःला सांगितलं, तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तिने विचारलंच होतं की.

डिसेंबरमध्ये नगरसेवकाच्या माणसांनी हरकत घेतली. सुनावणी शहराच्या मध्यवस्तीत, निवडणूक कचेरीच्या तळघरात. मी गेले. तिसऱ्या रांगेत बसले. व्हर्डेल एकटीच होती, वकील नाही, चर्चला जायची टोपी घातलेली.

नगरसेवकाचा तरुण वकील म्हणाला, सह्यांबद्दल त्याचं फारसं म्हणणं नाही. सातशे चव्वेचाळीसपैकी जेमतेम अकरा बाद झाल्या होत्या. "पण पानांना नंबर नाहीत. मधलं एखादं पान कुणी काढलं किंवा घुसवलं, तर कळणार कसं?"

"मला कळेल," व्हर्डेल म्हणाली.

सुनावणी अधिकारी म्हातारा होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "कसं काय?"

"मी दारांच्या क्रमाने लावलेत, साहेब. चालत गेले तसे. कुठलंही काढा."

वकील हसला. म्हाताऱ्याला मात्र मजा वाटली असावी. त्याने गठ्ठा सोडला, तिच्याकडे पाठ फिरवून एक कागद काढला आणि बाकीचे तिच्यापुढे सरकवले. व्हर्डेलने कागद उलटायला सुरुवात केली. ओठ हलत होते. अर्ध्यावर बोट थांबलं.

"कार्लोव्ह, पश्चिमेची बाजू. कोपऱ्यावरच्या विटांच्या घरापासून लाँड्रीपर्यंत. पहिलं नाव ओडेल टिंडल, शेवटचं त्याची सासू. ती बाई डावरी आहे, शाई फासलेली असेल."

म्हाताऱ्याने हातातला कागद पाहिला. बराच वेळ पाहिला. मग वकिलाला दाखवला. वकिलाचं हसू गेलं.

मला वाटलं, सुटली. देवाशप्पथ, छातीवरून दगड उतरल्यासारखं वाटलं. तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

"बाई," म्हातारा म्हणाला, "एवढ्या वर्षांत मी असे कागद पाहिले नाहीत. पण कायदा म्हणतो, नंबर हवेत. तुम्हाला पाठ आहे म्हणून मी ते आहेत असं लिहू शकत नाही." मग त्याने विचारलं, "दाखल करण्याआधी हे कुणी पाहिले नव्हते का? जाणकार कुणी?"

मी तिसऱ्या रांगेत माझी पर्स धरून बसले होते.

"मीच पाहिले होते," व्हर्डेल म्हणाली. ती मागे वळली नाही.

मतपत्रिकेवर तिचं नाव आलं नाही. आमचा शिक्षक हरला, तेही वाईट हरला, पण तो वेगळा विषय आहे.

जानेवारीतल्या एका शनिवारी, गुडघाभर बर्फात, व्हर्डेल पुन्हा दारोदार फिरू लागली. लोकांना आधी समजलं नाही. ज्यांच्या ज्यांच्या सह्या घेतल्या होत्या, त्या प्रत्येकाला ती सांगत होती, की तुमची सही वाया गेली, माफ करा. सातशेवर माणसं. कुणी सांगितलं नव्हतं तिला हे करायला.

आमच्या इमारतीत आली तेव्हा मी जिन्यातला आवाज ओळखला. पहिल्या मजल्यावरची दोन्ही दारं झाली. मग दुसरा मजला, माझ्यासमोरचं दार. माझं दार तिने वाजवलं नाही. का वाजवेल? तिच्या कागदांवर मतदार म्हणून माझी सही नव्हतीच.

मी दार उघडून बाहेर आले. ती वर चढायला निघाली होती, बुटांवरचं बर्फ पायरीवर वितळत होतं.

"मिस व्हर्डेल, मी पाहिलं होतं. नंबर नव्हते ते. तेव्हाच."

"माहीत आहे, बाळ."

"कसं?"

"तू गठ्ठा चाळलास. तीनच पानं बघून मागची पन्नास कुणी उगाच चाळत नाही. घरी गेल्यावर मी त्यावर विचार केला होता. पण काय चुकलं ते मला समजलं नाही, आणि पुन्हा विचारायला यायचं जिवावर आलं." तिने कठड्याला धरून दम घेतला. "तू तेव्हा खूप चिडली होतीस माझ्यावर."

मी म्हटलं, "मी काय करू, सांगा. सांगाल ते करते."

"मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच आहे." तिने मानेने वरचा मजला दाखवला. "त्यांना सांग."

आणि ती चढून गेली. तिसऱ्या मजल्यावर मिसेस ग्रीअरने दार उघडलं. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे दोघी मोठ्याने बोलत होत्या.

"नंबर? अगं व्हर्डेल, शेंबडं पोरसुद्धा नंबर टाकतं!"

"हो ना. राहिले खरे."

"आणि मी त्या थंडीत चष्मा शोधून सही केली तुझ्यासाठी!"

"म्हणूनच आले. माफ करा."

मिसेस ग्रीअर हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या इमारतीत पोचणार होतं.

मी खालच्या मजल्यावर चपलांत उभी होते. मधे चौदा पायऱ्या. घरमालकांच्या अंगावर धावून जाणारी मी, पोलिसाला उलटून त्याचं नाव विचारणारी मी. मी चढले नाही. दार लावून आत आले.

आता हे लिहून काढलं आहे. संघटनेच्या पत्रकात छापते आहे, माझ्या नावासकट. पण मिसेस ग्रीअरला बारीक अक्षर वाचता येत नाही. त्यांना वर जाऊन तोंडानेच सांगावं लागेल, आणि मोठ्याने.